उलट्या फोर्कला कव्हर लावताय? आधी पाईपवरून नख फिरवा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही लक्षात येईल. गाडी ऑफरोडवाली, पुढे ४३ एमएमचा उलटा म्हणजे यूएसडी (अपसाईड डाऊन) फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाला धरणारं सस्पेंशन, राहायला खारघर, एक रविवार सोडून कर्जत-मुरबाडकडे कच्च्यात जाणं असतं आणि मध्ये उरणच्या बाजूला खाडीच्या चिखलातही गाडी घालून आलात. डिस्कच्या बाजूच्या फोर्कमधून तेल यायला लागलं, ऑइल सील, म्हणजे पाईपभोवती तेल अडवणारी रबराची रिंग, बदलून घेतलं, तीन महिन्यांत परत तेच. आता ऑनलाइन निओप्रीनचे वेल्क्रोवाले फोर्क कव्हर मागवलेत आणि विचारताय की घरी लावता येतील का, आणि लावले की सीलचा त्रास कायमचा जाईल का. आणि एकदम शेवटी जाता जाता लिहिलंय की कंपनीचे प्लास्टिकचे फोर्क गार्ड लूकसाठी काढून ठेवलेत आणि चाकाला चिकटून असतं ते खालचं मडगार्ड काढून वरचं उंच मडगार्ड लावलंय. तुमच्या अख्ख्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ मला तीच वाटते.

घरी लावता येतील, वेल्क्रोवाले असतील तर चाकसुद्धा काढायला लागत नाही. त्रास कायमचा जाईल का, तर नाही, आणि आत्ताच्या स्थितीत लावलेत तर वाढेल. मी गेली बरीच वर्षं ठाण्यात वागळे इस्टेटला सस्पेंशनचंच काम करतोय आणि दर पावसाळ्यानंतर माझ्याकडे ज्या गाड्या येतात त्यात दोन-चार तरी अशा असतात की कव्हर लावलेलं होतं म्हणूनच पाईप गेला. कव्हर वाईट असतं म्हणून नाही, मी स्वतः वापरतो. पण लोक ते एकदा लावून विसरून जातात, आणि आपल्याकडच्या हवेत, आपल्याकडच्या चिखलात ते चालत नाही.

आधी फोर्कचं सांगतो कारण कव्हर कुठे बसतं ते त्यावर ठरतं. जुन्या पद्धतीच्या साध्या फोर्कला, म्हणजे हिमालयन ४११ चा ४१ एमएमवाला किंवा एक्सपल्स २०० चा ३७ एमएमवाला, त्याला बारीक क्रोमचा पाईप वर असतो आणि तो खालच्या जाड बॉटम केसमध्ये जातो. सील त्या बॉटम केसच्या तोंडाशी, तोंड वर. त्यामुळे धूळ, माती, पाणी सगळं वरून येऊन सीलच्या डोक्यावर बसतं. अशा फोर्कला रबराचे घड्याघड्यांचे गेटर बेस्ट, दोन्ही टोकांना बंद, वरून काही पडत नाही. तुमच्या उलट्या फोर्कला, म्हणजे हिमालयन ४५० ला किंवा ३९० ॲडव्हेंचरला असतो तसा, जाड नळी वर आणि क्रोमचा पाईप खाली, सील खालच्या बाजूला तोंड करून. माती वर साठत नाही, पडून जाते, ही चांगली गोष्ट. वाईट गोष्ट अशी की क्रोमचा पाईप बरोब्बर चाकाच्या शेजारी उघडा उभा असतो, चाकाने उडवलेली प्रत्येक खडी त्याच्यावर आपटते. आणि सील गळलं की तेल सरळ खाली कॅलिपरवर, म्हणजे ब्रेक पॅड धरणाऱ्या भागावर, आणि डिस्कवर. साध्या फोर्कचं सील गळलं तर तेलाला अख्ख्या बॉटम केसवरून ओघळत खाली यायला लागतं, तुम्हाला बऱ्याचदा आधी दिसतं. इथे आधी ब्रेक जातो, मग दिसतं. म्हणून सांगतोय की परत गळायला लागलंय तर कव्हरचा विचार नंतर, आधी ब्रेक पॅड बघा. तेल प्यालेला पॅड पेट्रोलने धुऊन किंवा गॅसवर भाजून परत वापरणारे लोक आहेत, तसं करू नका, पॅड मटेरियल तेल सोडत नाही, गरम झाला की परत वर येतं. नवीन टाका, डिस्क ब्रेक क्लीनरने पुसा.

आता सील तीन महिन्यांत का गेलं. नवीन सील इतक्या लवकर जातं ते मुख्यतः चार कारणांनी. पाईपवर खडी लागून खड्डा किंवा टोक आलंय आणि ते दर खाली-वर होण्यात सीलची ओठी कापतंय. नाहीतर सील बसवताना पाईपच्या धारेवर घासून कापलं गेलं. नाहीतर आतले बुश, म्हणजे पाईपला सरळ धरणाऱ्या रिंगा, झिजल्यात आणि पाईप आत हलतो. नाहीतर पडापडीत पाईप वाकलाय किंवा चाक परत बसवताना फोर्कचे दोन्ही पाय एका रेषेत आले नाहीत. तुमचे प्लास्टिक गार्ड काढलेले आहेत आणि खालचं मडगार्ड नाही, म्हणजे पहिल्या कारणावर माझा सगळ्यात जास्त संशय आहे. उंच मडगार्ड चिखल अडकू नये म्हणून असतं, त्याचा उपयोग आहे, मी नाही म्हणत नाही, पण ते पाईपला काहीच आडोसा देत नाही. ज्या उलट्या फोर्कच्या डर्ट बाईकना कारखान्यातूनच उंच मडगार्ड येतं त्यांना खाली प्लास्टिकचे गार्ड असतातच, कारण त्यांच्याशिवाय पाईप टिकणार नाही हे बनवणाऱ्याला माहीत असतं. आणि आपल्याकडचा दगड बेसॉल्ट, महापे-शिळफाट्याकडे खडीच्या डंपरमागून गेलात की रस्त्यावर जी भुकटी दिसते ती पण त्याचीच, कडक आणि धारदार. मुरबाडकडची लाल माती बारीक असते, ती सीलच्या ओठीखाली शिरते. खडी पाईप फोडते, माती सील झिजवते. कव्हर मातीवर चालतं. खडीवर प्लास्टिकचं गार्डच पाहिजे, तीन एमएमचं निओप्रीन खडीचा मार थोडा मऊ करेल, थांबवणार नाही.

म्हणजे एक काम ठरलं, काढून ठेवलेले गार्ड परत लावा. लूक गेला तरी चालेल.

पण ते बसवायच्या आधी पाईप बघा, आणि हे मी डोळ्याने म्हणत नाहीये. गाडी अशी उभी करा की पुढचं चाक हवेत राहील, बॅश प्लेटखाली, म्हणजे इंजिनखालच्या पत्र्याखाली, नीट लाकडी ठोकळा किंवा जॅक, मागचं चाक जमिनीवर, कोणालातरी धरायला सांगा. फोर्क पूर्ण खाली आला की क्रोम पूर्ण दिसतो. जुन्या बनियनच्या स्वच्छ कापडाने थोडं आयसोप्रोपाईल अल्कोहोल लावून पुसा, मग अंगठ्याचं नख सीलपासून खाली आणि मग आडवं गोल गोल फिरवा. मुख्य म्हणजे समोरची बाजू आणि आतली चाकाकडची बाजू. जिथे नख अडकलं तिथे मार्कर पेनने खूण. नख जाड असेल तर नायलॉनचा जुना मोजा हातात घालून पाईपवर फिरवा, नखाला जे कळत नाही ते नायलॉनच्या धाग्याला कळतं, धागा ओढला जातो. माझ्याकडे बेंचवर एक मोजा कायम त्याच कामाला आहे.

खूण झाली की बघायचं की ती सीलच्या धावेत येते का. त्यासाठी एक केबल टाय क्रोमच्या पाईपला बसवा, घट्ट नाही, हाताने सरकेल इतपत, आणि वर डस्ट सीलला, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या सीलला, टेकवा. गाडी नेहमीसारखी चालवून या, थोडं कच्च्यातही. फोर्क दबताना सील टायला खाली ढकलत नेतं आणि टाय तिथेच राहतो, परत उभं केल्यावर सीलपासून टायपर्यंत जे अंतर, तितका ट्रॅव्हल, म्हणजे फोर्कची खाली-वर धाव, तुम्ही वापरलात. तुमची खूण त्या अंतराच्या आत असेल तर तोच तुमचा गुन्हेगार. अगदी खाली एक्सलच्या जवळ असेल तर सध्या त्रास देत नाहीये, पण एखाद्या मोठ्या खड्ड्यात सील तिथपर्यंत जाईल.

खडीचा खड्डा असला की त्याच्या कडेला धातू वर उचललेला असतो, सीलला कापतं ते टोक. दोन हजार नंबरचा वॉटर पेपर, त्यावर फोर्क ऑइलचा थेंब, आणि फक्त त्या टोकावर, पाईपच्या गोलाईच्या दिशेने, हलक्या हाताने. उभं खाली-वर घासू नका, उभी रेघ पडली की तेल त्याच रेघेतून बाहेर येतं. टोक गेलं, नख अडकायचं थांबलं की थांबा. खोल खड्डा उरला असेल तर त्यात इपॉक्सी भरून लेव्हल करतात, ते मी करून दिलंय आणि चालतं. क्रोमचा पापुद्रा निघायला लागला असेल तर मात्र पेपरने काही होणार नाही, पाईप बदलायचा किंवा हार्ड क्रोमवाल्याकडे द्यायचा, आणि त्याला ग्राइंडिंगसकट माप परत ४३ वर आणून दे असं स्पष्ट सांगायचं, नुसता चमकवून आणलेला पाईप सीलला चालत नाही.

पाईप एकदम गुळगुळीत निघाला तर मग सीलखाली मातीचा कण असू शकतो, आणि ते सील न बदलता सुटतं. बाहेरचं डस्ट सील बारीक पेचकसाने, टोकाला टेप गुंडाळून, हळूहळू चारी बाजूने ढिलं करून खाली सरकवा. आत मातीचा काळा लेप दिसेल तो पुसून घ्या. मग जुनी एक्स-रे फिल्म घ्या, दोन बोटं रुंदीची पट्टी कापा, टोकाला छोटासा हुक कापा, कडा गुळगुळीत करा. ती पट्टी पाईप आणि ऑइल सीलच्या मधून वर सरकवायची, पाईपभोवती एक पूर्ण फेरी मारायची आणि हुकने खाली ओढून काढायची. पट्टीवर काळी रवाळ रेघ आली की समजायचं मिळालं. थोडं तेल येईल, कॅलिपरवर आधीच कापड बांधून ठेवा. दोन-तीनदा करा, पुसा, डस्ट सील वर दाबा, पुढचा ब्रेक धरून दहा-बारा वेळा फोर्क दाबा आणि बघा. पाईपवर अगदी पातळ सारखा ओलसरपणा चालतो, तो पाहिजेच. तेलाची जाड रिंग किंवा ओघळ आला तर सील गेलंय, ते गॅरेजला बदलून घ्या. बदलून घेताना दोन गोष्टी समोर उभं राहून बघा, पाईपच्या टोकावर प्लास्टिकची पिशवी चढवून मगच सील घालतोय ना, आणि सील ठोकताना दोन भागांची बरोबर मापाची नळी वापरतोय ना. पेचकसाने एकेका बाजूने ठोकलेलं सील तिरकं बसतं. अशी ठोकायची नळी नायलॉनच्या रॉडची वागळेला किंवा रबाळे एमआयडीसीत कुठल्याही लेथवाल्याकडे वळवून मिळते, माझी तशीच बनवलेली आहे.

फोर्क कोरडा आहे ही खात्री झाल्याशिवाय कव्हर लावायचं नाही, हे मी परत सांगतो कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. गळणाऱ्या फोर्कवर कव्हर घातलं की गळती दिसायची बंद होते, कापड तेल पिऊन घेतं आणि एक दिवस गरम झाल्यावर ते डिस्कवर सोडतं. तुम्हाला वाटतं बरं झालं, गळायचं थांबलं.

आता निओप्रीन. हे तेच स्पंजसारखं रबर आहे ज्याचे डायव्हिंगचे सूट बनतात, दोन्हीकडून नायलॉनचं कापड चिकटवलेलं. डायव्हिंगच्या सूटमध्ये ऊब राहते ती त्या स्पंजमधल्या बुडबुड्यांमुळे, पण आत शिरलेलं पाणीही तो अंगाशी धरून ठेवतो. तेच कापड आपण स्टीलच्या पाईपवर गुंडाळतोय, हे डोक्यात ठेवा. आणि क्रोम आपल्याला आरशासारखा अखंड दिसतो पण हार्ड क्रोममध्ये डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक भेगा असतात, खाली स्टील असतं, आणि त्याला गंज लागत नाही याचं एक कारण म्हणजे सील दर वेळी तेलाचा पातळ थर फिरवत असतं. तो थर पुसून तिथे मिठाचं पाणी धरून ठेवलं तर काय होणार.

माझ्या स्वतःच्या गाडीला झालं ते सांगतो. जुलै महिना, उरणच्या बाजूला खाडीलगत गेलो होतो, भरती उतरलेली, चाक अर्धं आत जाईल असा चिखल. परत आल्यावर गाडी पाण्याने धुतली, कव्हरवरून पण पाणी मारलं, वरून स्वच्छ दिसलं म्हणून तसंच ठेवलं. मग पाऊस, काम, गाडी बिल्डिंगच्या खालच्या पार्किंगला उभी ती गणपतीपर्यंत. विसर्जन झाल्यावर कव्हर सोडलं तर वेल्क्रो उघडतानाच खाडीचा तो वास आला, आतून निळसर काळा चिखल सुकून कापडाला चिकटलेला, आणि पाईपवर कव्हरची खालची कड जिथे घट्ट बसली होती बरोब्बर तिथे तपकिरी ठिपक्यांचा पट्टा, मोहरीएवढे एकेक, बोटभर रुंदीत. पुसले तर पुसले गेले नाहीत, नख लावलं तर प्रत्येक ठिपक्याला खळगा. दुसऱ्या पायाचं कव्हर थोडं ढिलं बसलं होतं, तिथे हवा लागत होती, तो पाईप वाचला. एक पाईप नवीन टाकावा लागला. कव्हरच्या पैशात आणि पाईपच्या पैशात जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्यानंतर माझा नियम एकच, कव्हर कच्च्यात जायच्या दिवशी सकाळी चढतं आणि घरी आल्यावर उतरतं. खारघर-ऐरोली ऑफिसला जायला, पाम बीच रोडला, कव्हर लागतच नाही, तिथे प्लास्टिक गार्ड पुरेसं.

म्हणूनच तुम्ही वेल्क्रोवाले मागवलेत ते बरं केलंत. दुसरे मिळतात ते नळीसारखे शिवलेले, ते दिसायला छान बसतात आणि धूळ पण जास्त अडवतात, पण ते घालायला चाक काढा, कॅलिपर काढा, गार्ड काढा आणि एक्सलच्या जाड पायावरून ताणून वर चढवा. म्हणजे ते तुम्ही दर रविवारी काढणार नाही. राजस्थान-गुजरातच्या कोरड्या वाळूत जाणाऱ्याला मी नळीवाले सांगतो, आपल्याला वेल्क्रो.

लावायच्या आधी मापं. हे कोणी करत नाही आणि मग कव्हर फाटलं म्हणून येतात. चाक हवेत असताना डस्ट सीलच्या कडेपासून खाली एक्सलच्या पायाच्या वरच्या खांद्यापर्यंत उघडा क्रोम किती ते टेपने मोजा. त्यातून गाडीचा पुढचा ट्रॅव्हल वजा करा, तो मॅन्युअलमध्ये असतो, हिमालयन ४५० चा २०० एमएम आहे उदाहरणार्थ. समजा उघडा पाईप २५५ भरला, ट्रॅव्हल २००, म्हणजे फोर्क पूर्ण तळाला लागला की वरच्या नळीची कड आणि खालचा पाय यांच्यामध्ये ५५ एमएमच जागा उरते. सीलखाली लोंबणारं सगळं कव्हर त्या ५५ मध्ये गोळा होऊन बसलं पाहिजे. माझा हिशोब असा की लोंबणारा भाग उरलेल्या जागेच्या दुपटीपेक्षा जास्त नको, म्हणजे इथे ११० च्या आत. बरेच कव्हर त्यापेक्षा लांब येतात, कारण एकच साईझ सगळ्यांना खपवतात. लांब कव्हर दाबलं गेलं की घड्या सील आणि खालच्या पायात चिरडतात, फोर्क तळापर्यंत जात नाही, आणि चिरडलेली घडी डस्ट सीलची कड आत दुमडते, मग ज्याच्यासाठी कव्हर लावलं तेच उघडं पडतं. लांब असेल तर धारदार कात्रीने कापा, निओप्रीनचे धागे निघत नाहीत, शिलाई असेल तर मात्र कापलेल्या ठिकाणी हाताने दोन टाके परत घाला.

प्रत्यक्ष लावणं सोपं आहे. पाईप आणि वरच्या जाड नळीचा खालचा चार बोटं भाग पुसून पूर्ण कोरडा. पाईपवर सिलिकॉन स्प्रे मारू नका सरळ, डिस्कवर उडतो, कापडावर मारा आणि ते कापड पाईपवरून एकदा फिरवा. कव्हरची आतली बाजू हाताने चाचपून बघा, नवीन पॅकेटमध्ये पण शिवणीचे तुकडे असतात. मग कव्हर गुंडाळायचं ते असं की वरचा चाळीस-पन्नास एमएम भाग जाड नळीवर आणि बाकीचा सीलखाली. वेल्क्रोची फट बाहेरच्या आणि मागच्या बाजूला, चाकाकडे किंवा समोर नाही, नाहीतर पहिल्याच ओढ्यात चिखल सरळ फटीत. वरचा पट्टा घट्ट पाहिजे, तो नळीवर आहे, नळी कव्हरसोबतच हलते त्यामुळे तिथे घासण्याचा प्रश्न नाही. खालची कड मात्र पाईपला सगळीकडून टेकलेली पाहिजे पण धरलेली नको. बोटाने वर ढकलली तर सहज सरकली पाहिजे. माझ्या पाईपवर जो गंजाचा पट्टा पडला तो मी खालची कड आवळली होती म्हणून पडला.

वरून केबल टाय लावायचा असेल तर तो जाड नळीवर, डस्ट सीलच्या ओठीवर चुकूनही नाही, सील दबतं आणि गळायला लागतं. टायचं डोकं मागे, आणि उरलेलं शेपूट नेलकटरने अगदी सपाट कापा, तिरकं कापलेलं शेपूट ब्लेडसारखं असतं, धुताना हात चिरतो.

आता ब्रेकचा पाईप आणि एबीएसच्या सेन्सरची वायर. दोन्ही फोर्कच्या बाजूनेच खाली जातात आणि बऱ्याच गाड्यांत त्यांच्या क्लिपा प्लास्टिक गार्डवर असतात, तुम्ही गार्ड काढलेत म्हणजे आत्ता त्या कशाला बांधल्यात ते बघा. कव्हर त्यांच्या आतून गेलं पाहिजे, वायर कव्हरखाली दाबली जाता कामा नये, टायने कव्हरसोबत वायर बांधायची तर अजिबातच नको. लावून झाल्यावर हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, दोन्हीकडे फोर्क दाबून बघा, काही ताणलं जातंय का. मग गाडी हळू चालवून दोन-तीन स्पीडब्रेकर जोरात घ्या आणि उतरून परत बघा, कव्हर वर चढलंय का, फिरलंय का.

गार्ड बसवताना किंवा सील बदलताना चाक निघालंच तर बसवायची एक पद्धत सांगून ठेवतो, कारण मला तुमच्या दुसऱ्यांदा गळण्यात हेही असू शकेल असं वाटतं. कॅलिपर काढल्यावर पॅडच्या मध्ये लाकडाची चकती ठेवा आणि ब्रेकचं लिव्हर दाबू नका. चाक बसवल्यावर एक्सल घट्ट करायचा, पण फोर्कच्या तळाचे पिंच बोल्ट, म्हणजे एक्सलला पायात आवळून धरणारे, ढिलेच ठेवायचे. गाडी जमिनीवर घेऊन पुढचा ब्रेक धरून सात-आठ वेळा फोर्क जोरात दाबायचा, त्याने ढिला असलेला पाय एक्सलवर आपली जागा शोधतो, मग पिंच बोल्ट टॉर्क रेंचने मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याला. घाईत हे आधीच आवळले की दोन्ही पाय एकमेकांना ओढत राहतात, फोर्क अडखळतो, बुश आणि सील एका बाजूने झिजतात, आणि कव्हर कितीही चांगलं असो काही उपयोग नाही. आणि रस्त्यावर जायच्या आधी ब्रेक लिव्हर कडक होईपर्यंत पंप करा, हे विसरलेला माणूस पहिल्या सिग्नलला धडकतो.

धुण्याचं पण सांगतो. घरी आल्यावर आधी कव्हर काढायचं, मग गाडी धुवायची. पाण्याचा पाईप लावून धुवा चालेल, प्रेशर गन सीलकडे तोंड करून नको, पाणी मातीसकट डस्ट सीलच्या आत ढकलतं. वॉशिंग सेंटरला दिलीत तर डिझेल मारू नका म्हणून आधी सांगा, आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी इंजिनखाली डिझेल मारायची सवय आहे, ते निओप्रीनच्या चिकटवणीला, रबराच्या सीलला आणि डिस्कला, तिघांनाही वाईट. खाडीकडे जाऊन आलात तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने पाईप धुऊन पुसून फोर्क ऑइलचा एक थेंब बोटाने फिरवून ठेवा. कव्हर बादलीत साबणाच्या पाण्यात, आतली बाजू बाहेर काढून, जुन्या टूथब्रशने, वेल्क्रोच्या काट्यात अडकलेली माती मुद्दाम काढा नाहीतर दोन महिन्यांत पकड जाते. पावसाळ्यात बाल्कनीत टांगलं तर चार-चार दिवस वाळत नाही, पंख्याखाली टांगा. ओलं कव्हर परत चढवायचं नाही, त्यापेक्षा त्या रविवारी उघडा पाईप बरा.

आणि एक, तुम्ही लिहिलंय की टेम्पोत गाडी चढवून कर्जतला नेता कधीकधी. दोरीने हँडल ओढून फोर्क खूप दाबून बांधत असाल तर कव्हर त्या दिवशी टेम्पोतून उतरल्यावर लावा, दाबलेल्या अवस्थेत दोन-दोन तास घडी पडून राहिलेलं निओप्रीन लवकर सरळ होत नाही.

तर या रविवारी केबल टायच्या चाचणीपुरती चक्कर सोडून कुठे जाऊ नका, गार्ड परत लावायच्या आधी नख फिरवा, मार्करच्या खुणा किती आणि सीलपासून किती खाली ते, उघडा पाईप किती एमएम भरला आणि केबल टाय कुठपर्यंत गेला, हे तीन आकडे लिहून पाठवा. खुणेचा दिवसाउजेडी फोटो पण, फ्लॅशशिवाय, बाजूला नाणं ठेवून. पाईप वाचण्यासारखा असेल तर कव्हर किती कापायचं ते मी एमएममध्ये सांगतो, आणि नसेल तर तसं सांगतो.